परराष्ट्र धोरण आणि विद्यापीठाचं व्यासपीठ : ॲबरिस्टविथ ते मिशिगन



या मालेत आतापर्यंत आपण युद्धं, तह आणि परिषदा यांच्याविषयी बोलत आलो. आज विषय घेतला आहे तो या बोलण्याचाच. विद्यापीठातल्या एखाद्या सभागृहात कुणीही येऊन बसावं आणि आंतरराष्ट्रीय प्रश्नांवर व्याख्यान ऐकावं, ही प्रथा आली कुठून? ती सुरू करणाऱ्यांची अपेक्षा काय होती? आणि ती अपेक्षा पुरी झाली का? आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे शेवटी एक जास्तीचा प्रश्नही विचारणार आहोत : अशा व्याख्यानाला 'सार्वजनिक' म्हणायचं ते नेमकं कशामुळे?

व्याख्यानमाला आपल्याला नवी नाही. न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकारानं पुण्यात १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू झाली आणि पुढे गावोगावी तिच्या बहिणी निघाल्या. समाजसुधारणा, शिक्षण, शेती, धर्म, सगळं त्या मांडवाखाली आलं. पण परराष्ट्र व्यवहार हा विषय जगभरच जरा उशिरा मांडवाखाली आला, आणि त्याला कारण आहे. दोन दरबारांमधलं बोलणं चव्हाट्यावर आणायचं नसतं, ही समजूत फार जुनी. पेशवाईत परदरबारी ठेवलेल्या माणसाला वकील म्हणत. तो तिथली बित्तंबातमी लिहून पाठवायचा, पण ती धन्याला आणि कारभाऱ्यांना. रयतेनं ती वाचायची नसते, हे कुणी सांगावं लागत नसे. युरोपातही वेगळं नव्हतं. तिथं संसदा आल्या, वर्तमानपत्रं आली, मताचा अधिकार हळूहळू पसरला. अंदाजपत्रकावर लोक भांडू लागले, पण परराष्ट्र खात्याचं दार बंदच राहिलं. ते जाणकारांचं काम, असं लोकही मानत होते.

हे दार हलवलं पहिल्या महायुद्धानं. १९१४ साली युरोपातली राज्यं एकामागून एक युद्धात ओढली गेली. ज्या करारांमुळे आणि वचनांमुळे ती ओढली गेली, त्यांतली बरीचशी खंदकात मरणाऱ्या माणसांना ठाऊकही नव्हती. १९१७ च्या नोव्हेंबरात रशियात बोल्शेविकांनी सत्ता घेतली आणि झारच्या दप्तरातले गुप्त करार छापून टाकले. इंग्लंडात 'मँचेस्टर गार्डियन'नं ते वाचकांपुढे ठेवले. युद्ध चालू असतानाच विजयानंतर कुणाला कोणता मुलूख द्यायचा याच्या वाटण्या ठरल्या होत्या, हे लोकांना तेव्हा कळलं. पुढे जानेवारी १९१८ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी आपली प्रसिद्ध चौदा कलमं मांडली. त्यांतलं पहिलंच कलम असं, की यापुढे राष्ट्राराष्ट्रांतले करार उघडपणे व्हावेत.

इथं आम्हाला कान्टची आठवण येते. 'शाश्वत शांती' या १७९५ सालच्या पुस्तिकेच्या शेवटी त्यानं एक कसोटी दिली आहे. दुसऱ्यांच्या हक्कांशी संबंध असलेली जी कृती, तिच्यामागचा हेतू उघड सांगितला तर टिकत नाही, ती अन्यायाची समजावी. कसोटी साधी आहे. गुप्त करारांना ती लावून पाहा, म्हणजे १९१७ साली लोक एवढे का संतापले ते कळेल.

आता वेल्समध्ये जाऊ. वेल्सच्या पश्चिम किनाऱ्यावर ॲबरिस्टविथ नावाचं छोटं गाव आहे. रेल्वेच्या एका कंत्राटदारानं समुद्रकाठी मोठं हॉटेल बांधायला घेतलं, तो बुडाला, आणि त्या अर्धवट इमारतीत १८७२ साली कॉलेज सुरू झालं. ते जगलं त्यात साध्या वेल्श माणसांनी दिलेल्या पेनी-पेनीच्या वर्गणीचा मोठा वाटा होता. या कॉलेजचे विद्यार्थी महायुद्धात गेले, आणि पुष्कळ परतले नाहीत.

डेव्हिड डेव्हिस हे वेल्समधले लिबरल खासदार. आजोबांनी कोळसा आणि रेल्वेत कमावलेला पैसा घरात होता. ते स्वतः पलटणीबरोबर फ्रान्सच्या आघाडीवर राहून आले होते. त्यांच्या बहिणी ग्वेंडोलिन आणि मार्गारेट यांनी फ्रान्समध्ये सैनिकांसाठी उपाहारगृह चालवलं होतं. या तिघांनी मिळून कॉलेजला २०,००० पौंड देऊ केले. देणगीचा हेतू असा, की युद्धात पडलेल्या विद्यार्थ्यांचं स्मारक म्हणून आंतरराष्ट्रीय राजकारणाचं एक अध्यासन उभं करावं. त्याला विल्सन यांचं नाव दिलं गेलं. १९१९ साली तो विभाग सुरू झाला, आणि या विषयाचा जगातला पहिला विद्यापीठीय विभाग म्हणून आज तो ओळखला जातो.

हे नीट लक्षात घ्या. मेलेल्या मुलांच्या नावानं खांब किंवा पुतळा उभारता आला असता. त्यांनी एक खुर्ची उभारली, जिच्यावर बसून कुणीतरी बोलावं आणि बाकीच्यांनी ऐकावं. आपली मुलं अज्ञानामुळे मेली, लोकांना कळतं असतं तर त्यांनी हे होऊ दिलं नसतं, अशी त्यामागची श्रद्धा होती.

पहिले प्राध्यापक आल्फ्रेड झिमर्न. मूळचे ग्रीक इतिहासाचे अभ्यासक. अथेन्सच्या नागरी जीवनावरचा त्यांचा ग्रंथ १९११ सालचा. युद्धकाळात ते परराष्ट्र खात्यात होते आणि राष्ट्रसंघाच्या पूर्वतयारीत त्यांचा हात होता. अथेन्सचा नागरिक चौकात उभा राहून युद्ध की तह यावर बोलत असे. ते चित्र ज्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं, असा माणूस या खुर्चीवर आला यात नवल नाही. दोनच वर्षांत ते गेले. त्यांच्या जागी चार्ल्स वेब्स्टर आले आणि १९३२ पर्यंत राहिले. व्हिएन्ना परिषदेचे हे मोठे इतिहासकार. विषय वाढू लागला. लंडन आणि ऑक्सफर्डलाही अशी अध्यासनं झाली. वर्गातलं शिकवणं चालू होतंच, पण या लोकांवर बाहेर जाऊन बोलण्याचीही जबाबदारी आहे असं मानलं जाई. सूत्र साधं होतं. लोकांना शांतता हवी आहे. लोकांना माहिती दिली की लोकमत तयार होईल. आणि लोकमत तयार झालं की सरकारांना युद्ध करता येणार नाही.

या सूत्राची परीक्षा १९३५ साली झाली. इंग्लंडात त्या वर्षी 'शांतता मतदान' नावाचा मोठा खासगी उपक्रम झाला. स्वयंसेवकांनी घरोघरी प्रश्नपत्रिका नेल्या. १ कोटी १० लाखांहून अधिक माणसांनी उत्तरं दिली आणि त्यांतल्या फार मोठ्या बहुमतानं राष्ट्रसंघाच्या बाजूनं कौल दिला. यापेक्षा जास्त तयार लोकमत कुठं मिळणार? त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात मुसोलिनीनं इथिओपियावर हल्ला केला. राष्ट्रसंघानं इटलीवर आर्थिक निर्बंध लादले, पण त्यांत तेल नव्हतं, आणि सुएझ कालवाही इटलीच्या जहाजांना उघडाच राहिला. डिसेंबरात ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री होर आणि फ्रान्सचे लाव्हाल यांनी इथिओपियाचा मोठा भाग इटलीला देऊन टाकण्याची योजना आखली. ती फुटली, इंग्लंडात लोक खवळले आणि होर यांना राजीनामा द्यावा लागला. म्हणजे लोकमतानं मंत्री पाडला. पण मे १९३६ मध्ये अदिस अबाबा पडलं, आणि जुलैमध्ये निर्बंध उठले. इथिओपिया काही लोकमतानं वाचला नाही.

नेमक्या याच वर्षी ॲबरिस्टविथच्या खुर्चीवर ई. एच. कार आले. आपल्याकडे इतिहासाचा विद्यार्थी त्यांना 'व्हॉट इज हिस्टरी?' या पुस्तकामुळे ओळखतो. तेही मुळात केंब्रिजला १९६१ साली दिलेल्या व्याख्यानांचंच पुस्तक. पण १९३६ साली कार इतिहासकार म्हणून आले नव्हते. वीस वर्षं परराष्ट्र खात्यात नोकरी करून, पॅरिसची शांतता परिषद आतून पाहून आलेले ते अधिकारी होते. डेव्हिस आता लॉर्ड झाले होते, कॉलेजचे अध्यक्ष होते, आणि आंतरराष्ट्रीय न्यायपीठ व पोलीस दल असावं यासाठी त्यांनी संस्थाही काढली होती. त्यांना या जागेवर कार नको होते. तरीही निवड कार यांची झाली.

१४ ऑक्टोबर १९३६ रोजी कार यांनी पदग्रहणाचं व्याख्यान दिलं. विषय होता, शांततेचा रक्षक म्हणून लोकमत. ज्या श्रद्धेवर ती खुर्ची उभी होती, तिच्यावरच त्यांनी त्या खुर्चीवरून शंका घेतली. लोकमत आपोआप शहाणं असतं आणि आपोआप विजयी होतं असं धरून चालता येणार नाही, हा त्यांचा रोख होता. पुढे १९३९ साली 'द ट्वेंटी इयर्स क्रायसिस' या ग्रंथात त्यांनी हा विचार पूर्ण मांडला. नुसत्या सदिच्छेनं राज्यं चालत नाहीत, सत्तेचा विचार करावाच लागतो. आणि समाधानी राष्ट्रं ज्याला सर्वांचं हित म्हणतात, ते बहुधा त्यांचं स्वतःचं हित असतं. वसाहतीत वाढलेल्या आपल्या आजोबांना हे शेवटचं वाक्य कुणी शिकवायची गरज नव्हती.

देणगीदार नाराज झाले आणि पुढेही नाराजच राहिले. पण कार खुर्चीवर १९४७ पर्यंत राहिले. आमच्या मते या विभागाचा खरा जन्म १९१९ चा नव्हे, १९३६ च्या त्या संध्याकाळचा. पैसा एका श्रद्धेनं दिला होता, आणि त्या श्रद्धेला प्रश्न विचारण्याइतकी जागा त्या पैशातून निर्माण झाली. एखादं व्यासपीठ विद्यापीठाचं आहे की देणगीदाराचं, हे अशाच वेळी कळतं.

इथं थांबलो तर गोष्ट फार गोड होईल, आणि खोटीही. कारण कार यांचंही चुकलं. 'सत्तेचा वास्तव विचार करा' असं सांगता सांगता ते हिटलरशी तडजोड करण्याच्या बाजूला गेले. १९३८ च्या म्युनिक कराराकडे त्यांनी शांततामय बदलाचं उदाहरण म्हणून पाहिलं. त्यांचं पुस्तक छापखान्यात असतानाच ३ सप्टेंबर १९३९ उजाडला आणि ब्रिटन युद्धात उतरलं. युद्धानंतरच्या आवृत्तीत त्यांनी म्युनिकविषयीचा मजकूर बदलला. आणि ज्यांना कार स्वप्नाळू ठरवत होते, त्या डेव्हिसांच्या बाजूचे लोक आक्रमकाला एकत्र येऊन थोपवलं पाहिजे असं म्हणत होते. या मुद्द्यावर तेच बरोबर ठरले.

मग आपण काय शिकायचं? व्यासपीठावरचा माणूस विद्वान होता, निर्भय होता, अनुभवी होता, आणि तरी चुकला. म्हणजे व्याख्यात्याच्या बरोबर असण्यावर व्याख्यानाची किंमत ठरवता येत नाही. ती दुसऱ्या कशावर तरी ठरते. ती कशावर, हे पाहायला आपल्याला एकोणतीस वर्षं पुढे आणि समुद्रापलीकडे जावं लागेल.

१९६५ चा मार्च. अमेरिकेनं उत्तर व्हिएतनामवर सलग बॉम्बफेक सुरू केली होती आणि ८ मार्चला तिचे मरीन सैनिक दा नांगला उतरले होते. मिशिगन विद्यापीठातल्या काही प्राध्यापकांनी ठरवलं, की २४ मार्चला नेहमीचे तास घ्यायचे नाहीत, त्याऐवजी विद्यार्थ्यांशी व्हिएतनामवर बोलायचं. गहजब झाला. पगार घेता आणि शिकवणं बंद ठेवता? गव्हर्नरांपासून विद्यापीठाच्या अध्यक्षांपर्यंत सगळ्यांनी विरोध केला. तेव्हा मानववंशशास्त्रज्ञ मार्शल साहलिन्स यांनी वाट सुचवली. दिवसाचे तास बुडवू नका, रात्री शिकवा. त्या काळात दक्षिणेतले कृष्णवर्णीय विद्यार्थी उपाहारगृहांत ठिय्या देत, त्याला 'सिट-इन' म्हणत. त्याच चालीवर या प्रकाराला 'टीच-इन' हे नाव मिळालं. मराठीत म्हणायचं तर शिकवण्याचा ठिय्या. या मंडळींत आर्नल्ड कॉफमन नावाचे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापकही होते, हे सांगताना आम्हाला थोडा जातभाईचा अभिमान वाटतो.

रात्री आठपासून सकाळी आठपर्यंत कार्यक्रम चालला. सुमारे ३,००० माणसं आली. मुलींच्या वसतिगृहांना तेव्हा रात्री परतण्याची वेळ ठरलेली असे. त्या रात्रीपुरती ती शिथिल केली. बॉम्ब ठेवल्याची धमकी आली, तेव्हा इमारत रिकामी करून लोक कडाक्याच्या थंडीत बाहेर उभे राहिले आणि पुन्हा आत आले. व्हिएतनाममध्ये राहून काम केलेल्या अभ्यासकांची भाषणं झाली. मग लोक वर्गावर्गांत विभागले आणि पहाटेपर्यंत वाद घालत बसले. व्याख्यान सुरुवातीला होतं, रात्र मात्र प्रश्नांची होती.

ही लाट इतर विद्यापीठांत पसरली. १५ मे रोजी वॉशिंग्टनमध्ये राष्ट्रीय पातळीवरचा टीच-इन झाला आणि टेलिफोनच्या तारांवरून तो शंभराहून अधिक महाविद्यालयांत ऐकला गेला. राष्ट्राध्यक्षांचे सुरक्षा सल्लागार मॅकजॉर्ज बंडी तिथं वादाला येणार होते. ऐनवेळी त्यांना डोमिनिकन प्रजासत्ताकात पाठवलं गेलं, आणि सरकारची बाजू प्राध्यापक रॉबर्ट स्कालापिनो यांनी मांडली. पुढे जूनमध्ये बंडी दूरचित्रवाणीवर आले आणि हान्स मॉर्गेन्थाऊ या आंतरराष्ट्रीय राजकारणाच्या अभ्यासकाशी त्यांनी वाद केला. मॉर्गेन्थाऊ हे कार यांच्यासारखेच सत्तेचा विचार करा म्हणणारे, पण या युद्धाच्या विरोधात. म्हणजे 'वास्तववाद' या एका शब्दातून एकच धोरण निघतं असं नाही, हेही लोकांना कळलं.

इथंही गोड बोलायचं नाही. मिशिगनच्या रात्री सरकारच्या बाजूनं बोलणारं जवळजवळ कुणी नव्हतं. त्याच मे महिन्यात परराष्ट्र खात्यानं आपली माणसं काही विद्यापीठांत पाठवली, तर काही ठिकाणी त्यांची हुर्यो झाली. आमच्या हिशेबी, प्रश्न न घेणारा अध्यक्ष आणि उत्तर ऐकू न देणारा श्रोता, दोघांचा दोष एकच. आणि युद्ध? ते थांबलं नाही. आणखी दहा वर्षं, १९७५ पर्यंत चाललं. पण एक गोष्ट बदलली ती कायमची. परराष्ट्र धोरण ठरवणाऱ्याला विद्यापीठात येऊन 'का?' या प्रश्नाला उत्तर द्यावं लागतं, नाही आला तर त्याचं न येणं लोकांच्या लक्षात येतं.

आता जरा स्वतःविषयी. ही कबुली आम्ही आजवर व्यासपीठावरून दिलेली नाही.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस आम्ही जिथं शिकवत होतो, तिथं एक चर्चासत्र झालं. विषय होता भारताचं शेजारधोरण. जुलै १९८७ मध्ये श्रीलंकेशी करार झाला होता, आपली शांतिसेना तिथं गेली होती, आणि ऑक्टोबरपासून ती तमिळ वाघांशी लढत होती. समारोपाच्या सत्राचे अध्यक्ष आम्ही. पाहुणे छान बोलले, पण लांबले. त्यांना गाडी गाठायची होती, बाहेर चहा तयार होता. मागच्या बाकावरून एक मुलगा हात वर करून उभा राहिला. आम्ही त्याला पाहिलं. आणि 'वेळेअभावी प्रश्नोत्तरं घेता येत नाहीत' असं म्हणून आभारप्रदर्शनाला सांगितलं.

तो मुलगा नंतर आमच्या खोलीत आला. सातारा जिल्ह्यातला. त्याचा भाऊ शांतिसेनेत, जाफन्याजवळ. तो म्हणाला, "सर, दुसरं काही नाही. शांतिसेना म्हणतात, मग ती लढतीय कुणाशी, एवढंच विचारायचं होतं. घरी आई विचारती, मला सांगता येत नाही." आम्ही त्याला करार समजावून सांगितला, वर्तमानपत्रात वाचलेलं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि तो गेला. पण तो प्रश्न आमच्यासाठी नव्हता. तो त्या पाहुण्यांसाठी होता आणि सगळ्या सभागृहासमोर विचारला जायला हवा होता. शांतिसेना मार्च १९९० मध्ये परत आली तोवर आपले हजाराहून अधिक जवान तिथं कामी आले होते. त्या मुलाच्या भावाचं पुढे काय झालं, हे विचारण्याचं धैर्य आम्हाला झालं नाही.

म्हणून सुरुवातीच्या प्रश्नाकडे परत येतो. व्याख्यान सार्वजनिक कशामुळे होतं? दार उघडं ठेवल्यानं नाही. त्या दिवशी आमचं दार उघडंच होतं. कान्टची कसोटी आम्ही वर्गात अनेक वर्षं शिकवली, पण ती अर्धीच समजलो होतो. उघड सांगणं ही तिची पहिली पायरी. सांगितलेलं समोरच्याच्या प्रश्नापुढे टिकतं का, ही दुसरी. डेव्हिस भावंडांनी पहिली पायरी बांधली. कार यांनी त्याच पायरीवर उभं राहून तिलाच प्रश्न विचारला. स्वतः चुकले, आणि काही अंशी दुरुस्तही झाले. मिशिगनच्या लोकांनी प्रश्नांना रात्र दिली. यांतल्या कुणीही युद्ध थांबवलं नाही. पण युद्धाचा निर्णय ज्यांच्या घरादारावर पडतो, त्यांना उत्तर मागण्याची जागा यांच्यामुळे मिळाली.

आपल्याकडेही दिल्लीत १९५५ साली आंतरराष्ट्रीय अभ्यासाची स्वतंत्र संस्था सुरू झाली आणि १९७० साली ती जवाहरलाल नेहरू विद्यापीठात सामील झाली. आज अनेक विद्यापीठांत असे विभाग आहेत, चर्चासत्रं होतात, आणि हे व्याख्यान तुमच्यापैकी कित्येक जण घरी बसून ऐकत आहात. साधनं वाढली आहेत. म्हणून पुढच्या वेळी एखाद्या चर्चासत्राला गेलात तर पाहुण्यांचं नाव पाहण्याआधी पत्रिका शेवटपर्यंत वाचा. प्रश्नोत्तरांना किती मिनिटं ठेवली आहेत ते बघा. आणि सत्र लांबलं तर काय कापतात, तेही बघा.

आजचं बोलणं इथं संपवतो. वेळ झाली आहे हे आम्हाला दिसतंय, चहाही आला असेल. चहा थांबेल. मागच्या रांगेत हात वर दिसतोय, तिथपासून सुरुवात करू.